१० बाय १० च्या खोलीसाठी हाय-फाय स्पीकर कसे निवडावेत?

सोलापूर किंवा पुण्याच्या शोरूममध्ये उंच, उभे स्पीकर ऐकले की आवाज भरदार वाटतो. तेच स्पीकर धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यातल्या १० बाय १० च्या खोलीत लावले की ढोलकी घुमायला लागते आणि गाण्याचे शब्द तिच्याखाली दबतात. दुकानदाराने फसवलं असं वाटतं. खरं तर स्पीकर तोच असतो, खोली बदललेली असते. ही गोष्ट खरेदीआधी लक्षात आली, तर बरेच पैसे वाचतात.

छोट्या खोलीत आवाज का घुमतो?

आवाज म्हणजे हवेतल्या लहरी. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक लहरी अडकतात आणि जास्त जोरात ऐकू येतात. १० फुटांच्या अंतरासाठी ही लहर साधारण ५६ हर्ट्झची असते, तर १२ फुटांसाठी साधारण ४७ हर्ट्झची. हा सगळा बेसचा भाग.

खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि छतही १० फुटांवर असेल, तर तिन्ही बाजूंना एकच लहर जोर धरते. म्हणून चौकोनी खोली सर्वांत त्रासदायक. घरात १० बाय १२ ची खोली मोकळी असेल, तर गाणी ऐकायला ती निवडावी.

घराच्या बांधकामाने काय फरक पडतो?

जिल्ह्यात तीन प्रकारची घरं दिसतात. जुन्या माळवदाच्या घरात लाकडी तुळयांचं छत सपाट नसतं, त्यामुळे वरून परतणारा आवाज थोडा विखुरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आताच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली अशी दगड-मातीची असंख्य घरं पडली आणि पुनर्वसनात पक्की घरं उभी राहिली. स्लॅब, सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज जवळपास सगळाच परत फिरतो. पत्र्याच्या खोलीत बेस काही प्रमाणात बाहेर निघून जातो, पण पत्रा थरथरतो.

खोली कशी आहे ते तपासायचा सोपा उपाय: मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी. मागोमाग ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज आला, तर भिंती फार कोऱ्या आहेत असं समजावं.

स्पीकर किती मोठा हवा?

१० बाय १० किंवा १० बाय १२ च्या खोलीला ४ ते ५ इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर पुरतात. साडेसहा इंच ही वरची मर्यादा मानावी. लहान जागेसाठी लहान स्पीकर ही तडजोड नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमधल्या अरुंद जागेसाठी एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्याची पेटी पूर्ण बंद होती. आजही जगभरात त्याचे चाहते आहेत.

पेटीला मागे भोक म्हणजे पोर्ट असेल, तर स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावा लागतो. तेवढी जागा नसेल तर बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट असलेला स्पीकर बरा. बंद पेटीत बेस हळूहळू कमी होतो आणि भिंतींमुळे ती कमी बरीचशी भरून निघते.

वॅटचा आकडा किती खरा?

खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॅटकडे दुर्लक्ष करावं. आरएमएस वॅट आणि सेन्सिटिव्हिटी पाहावी. सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. त्यामुळे ५० च्या जागी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊन छोट्या खोलीत फारसा फरक पडत नाही. शिवाय निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि बऱ्याचदा शेजाऱ्याची भिंत सामाईक असते.

ठेवायचे कुठे?

कोपऱ्यात ठेवू नयेत. दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. १० बाय १२ च्या खोलीत स्पीकर १० फुटी भिंतीपुढे दीड-दोन फुटांवर, एकमेकांपासून सुमारे ५ फुटांवर ठेवावेत. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. ऐकणाऱ्याने मागच्या भिंतीपासून सुमारे साडेचार फूट पुढे बसावं. भिंतीला टेकून बसलं तर बेस जास्त येतो, लांबीच्या बरोबर मध्यावर बसलं तर काही बेस गायब होतो.

गोधडी की अंड्यांचे ट्रे?

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवल्याने बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, बेसही आवरत नाही. त्यापेक्षा जमिनीवर जाड सतरंजी आणि बाजूच्या भिंतीवर दुहेरी घडीची गोधडी टांगावी. एकेरी सोलापुरी चादर फक्त वरच्या पट्टीतला कर्कशपणा कमी करते. कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली तर आणखी थोडी मदत होते, पण अगदी खालच्या बेसला तीही अपुरी. तिथे बसायची जागा बदलणंच उपयोगी. स्टीलची भांडी आणि धान्याची पत्र्याची कोठी शेजारच्या खोलीत हलवावी. अनेकदा स्पीकरचा वाटणारा खरखराट त्यांचाच असतो.

घेण्यापूर्वी काय ऐकावं?

रोज ऐकतो तीच गाणी सोबत न्यावीत. गोंधळातलं संबळ लावावं: मोठ्या भांड्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो का? भजनातले टाळ लावावेत: काही मिनिटांत कान दुखतात का? शेवटी नुसता गाणाऱ्याचा आवाज: तो दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभा राहतो का?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पैसे देण्याआधी घरी ऐकून परत करायची मुभा दुकानदाराकडून लिहून घ्यावी. ती मिळत नसेल तर लहान जोडीच घ्यावी. बेस कमी वाटला तर पुढे सबवूफर जोडता येतो. मोठ्या स्पीकरसाठी खोली मोठी करता येत नाही.