बारा फुटांची जागा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघालात की खाडीवरचा पूल लागतो. पूल उतरलात की आमचे कशेळी गाव. इथे पूर्वी भातखाचरे होती. आता एका बाजूला गोदामे, दुसऱ्या बाजूला उंच इमारती आणि मधल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांची रांग आहे. आमच्या गावात ‘जागा’ या शब्दाला फार वजन आहे. गोदामाला जागा हवी, ट्रकला जागा हवी, फ्लॅटला जागा हवी. मी आज बोलणार आहे ते मात्र जेमतेम बारा फूट रुंदीच्या जागेबद्दल.

मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर, हातात कुबडी आणि मागच्या बाजूला आधाराची दोन जादा चाके लावलेली स्कूटर, असा माझा संसार आहे. त्यामुळे गाडी कुठे लावायची हा प्रश्न मला घरातून निघण्याआधी पडतो. इतरांना तो पोहोचल्यावर पडतो, एवढाच काय तो फरक.

तर हे बारा फूट आले कुठून? मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंदी पुरते. पण चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची दाराशी लावावी लागते आणि सीटवरून तिच्यात सरकावे लागते. त्यासाठी मोटारीच्या बाजूला आणखी एक मीटरभर मोकळी जागा लागते. म्हणून नियमात ३.६ मीटर रुंदी आली. ही जादा जागा म्हणजे चैन नव्हे, तो उतरण्याचा ओटा आहे. तिथे कोणी स्कूटर घुसवली तर आतला माणूस मोटारीतच अडकतो.

जमिनीवर रंगवलेले चाकाच्या खुर्चीचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचा जन्म १९६८ चा. डेन्मार्कच्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीने ते काढले तेव्हा त्यात नुसती खुर्चीच होती. पुढे कार्ल मोंतान यांनी वर एक गोल काढून खुर्चीला डोके दिले, म्हणजे खुर्चीत माणूस बसवला. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. नियम करणाऱ्यांना आधी खुर्ची दिसते, माणूस मागाहून दिसतो.

इंग्लंडमध्ये आल्फ मॉरिस या खासदाराच्या प्रयत्नाने १९७० मध्ये अपंगांसाठी कायदा झाला आणि त्यातून १९७१ च्या डिसेंबरात नारिंगी बिल्ला सुरू झाला. २००० पासून तो निळा झाला. या बिल्ल्यातली मेख अशी की तो गाडीला मिळत नाही, माणसाला मिळतो. आज मुलाच्या मोटारीतून गेलात तर तो तिथे लावा, उद्या शेजाऱ्याच्या मोटारीतून गेलात तर तिथे लावा. हक्क माणसाबरोबर फिरतो.

आपल्याकडे इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, भाषणे झाली. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्यात रस्त्यावरच्या सोयींची यादी आहे. सिग्नलला आवाज, फुटपाथला उतार, चिन्हे वगैरे त्यात आहेत. गाडी लावण्याच्या जागेचा मात्र उल्लेख नाही. शिवाय या सोयी ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ द्यायच्या होत्या. सरकारी कुवत केव्हा संपते हे आपल्याला ठाऊकच आहे.

१९९८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने अडथळामुक्त इमारतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेथून ३.६ मीटरचा आकडा बांधकाम नियमावलींत उतरला. महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मुंबई महापालिका आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर चालते. तिच्यातही हीच तरतूद आहे : लोकांच्या वर्दळीच्या इमारतीत प्रवेशद्वाराजवळ दोन मोटारींची जागा, दारापासून अंतर जास्तीत जास्त ३० मीटर, रुंदी किमान ३.६ मीटर आणि राखीव असल्याची ठळक पाटी.

म्हणजे इंग्लंडने हक्क माणसाला दिला, आपण तो इमारतीच्या नकाशाला दिला. याचे परिणाम पाहा. नकाशा मंजूर झाला, चौकोन रंगवला, दाखला मिळाला की काम संपले. त्या चौकोनात कोणी उभे राहायचे हे ठरवणारा देशभर चालेल असा बिल्ला आपल्याकडे नाही. वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड आहे, पण ते खिशात असते, काचेवर नसते. मग निवाडा करतो तो दारावरचा वॉचमन. नियमात मोटारी आहेत, जादा चाकांच्या स्कूटरचे नावही नाही. त्यामुळे माझ्यासारख्याला बहुतेक ठिकाणी ‘टू-व्हीलर खाली’ असे सांगून तळघराचा उतार दाखवला जातो. आणि जिथे मंजूर नकाशाच नाही तिथे तर बोलणेच खुंटते. भिवंडी परिसरात परवानगीविना उभ्या राहिलेल्या गोदामांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. नकाशाच नसेल तर त्यातला चौकोन कुठे शोधायचा?

गाडीच्या कायद्याचीही अशीच गंमत होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आमच्या वाहनाला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे नाव होते. ते खास अपंगांसाठी बनवलेले असावे, ‘नुसता फेरफार केलेले’ नसावे, अशी व्याख्या होती. वास्तविक आपल्याकडे बहुतेकांचे वाहन फेरफार केलेलेच! साधी स्कूटर घ्यायची आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून तिला चाके जोडून घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीने ते नाव गेले, ‘ॲडाप्टेड व्हेइकल’ आले आणि फेरफार केलेले वाहनही व्याख्येत बसले. २०२० च्या ऑक्टोबरात नोंदणीच्या अर्जात मालक दिव्यांग असल्याची नोंद करण्याची सोय झाली.

दरम्यान भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. बसथांबे, रेल्वे स्थानके, विमानतळ येथील पार्किंगच्या जागा सुगम्य हव्यात, असे कलम ४१ मध्ये स्पष्ट लिहिले गेले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या मार्गावर कशेळी हे स्थानक आखलेले आहे, म्हणून हे कलम मी जपून ठेवले आहे.

कायद्याला दात आणण्याचे काम राजीव रतुरी यांच्या याचिकेने केले. ते स्वतः अंध आहेत. ज्याला कधी मोटार चालवायची नाही अशा माणसाने २००५ मध्ये रस्ते आणि वाहतुकीच्या सोयींसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले! २०१७ च्या डिसेंबरात त्यावर निकाल झाला. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सुगम्यतेच्या मानकांबाबतचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा ‘करावेच लागेल’ म्हणतो आणि नियम नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. सक्तीचे नियम करण्यासाठी सरकारला ३ महिने दिले गेले.

आता घराजवळचे. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागा कमी, गाड्या जास्त. म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. एका वर्षी माझी चिठ्ठी अगदी मागच्या कोपऱ्यातल्या खांबाआडची निघाली. सेक्रेटरी म्हणाले, “काका, सगळ्यांना समान न्याय. चिठ्ठीपुढे कोणाचे चालत नाही.” मी कायद्याची प्रत नेली. त्यातल्या ‘खासगी आस्थापने’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. वाजवी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव, असेही त्यात लिहिले आहे. लिफ्टजवळची एक जागा चिठ्ठीतून वगळणे हा काही सोसायटीवर न पेलणारा बोजा नव्हता. शिवाय २०१० च्या पांचाली सोसायटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच आहे की इमारतीखालच्या पार्किंगच्या जागा बिल्डरला वेगळ्या विकता येत नाहीत, त्या सर्वांच्या सामाईक आहेत. सामाईक असेल तर वाटताना गरज पाहायला नको का?

सर्वसाधारण सभेने जागा दिली. इतिवृत्तात मात्र लिहिले, ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’. हा शब्द काढा, असे मी म्हटले. लोक हसले. जागा मिळाली ना, मग शब्दाशी काय भांडता? मी सांगितले, सहानुभूती या कमिटीची आहे. पुढची कमिटी आली की ती आटेल. हक्क कमिटीबरोबर बदलत नाही. दोन महिन्यांनी पुढच्या सभेत तो शब्द काढला गेला. त्या वर्षी इमारतीत एका आजींना पक्षाघात झाला. त्यांच्या मुलाने तशीच जागा मागितली, तेव्हा कोणाला सहानुभूती आठवावी लागली नाही. ठराव तयार होता.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग व्यक्ती आहेत. त्यांत उद्या म्हातारे होणारे आपण धरलेले नाही. म्हणून दोन गोष्टी सुचवतो. आपल्या दवाखान्याच्या, बँकेच्या, बाजारपेठेच्या इमारतीचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा आणि त्यातल्या राखीव जागा प्रत्यक्षात आहेत का ते पाहा. नसतील तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे साध्या कागदावर तक्रार करा. आणि माणसाबरोबर फिरणारा बिल्ला आपल्याकडेही यावा, ही मागणी आपापल्या आमदार-खासदारांच्या कानावर घाला. तोवर, ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून त्या बारा फुटांत गाडी लावू नका. ती दोन मिनिटे कोणीतरी मोटारीत बसून मोजत असतो.