सल्ला कोणाचा, मीठ कोणाचे?

मंडळी, गावात विहीर खणायची ठरली, की आपण पाणाड्याला बोलावतो. तो शिवारभर हिंडतो आणि जागा दाखवतो. आता समजा, या पाणाड्याची खोदाईच्या ठेक्यातच पाती आहे. मग ‘इथे पाणी नाही, पैसा घालू नका’ असे तो सांगेल का? कदाचित सांगेलही; पण आपल्या मनात पाल चुकचुकणारच. अशाच एका प्रकरणाचा इतिहास आज सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण त्याचे एक टोक आपल्या कोकणात आहे.

1913 साली शिकागो शहरात आर्थर अँडरसन या गृहस्थाने भागीदारीत हिशेबतपासणीची पेढी काढली. कंपनीचे हिशेब तपासायचे आणि ते खरे की खोटे हे तिच्या भागधारकांना सांगायचे, हे पेढीचे काम. एका रेल्वे कंपनीचे सोयीचे हिशेब मान्य करायला अँडरसनने नकार दिला आणि गिऱ्हाईक गमावले, अशी गोष्ट त्या पेढीत अभिमानाने सांगत.

पुढे गणकयंत्रे, म्हणजे आजचे संगणक आले. 1953 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने या पेढीला विचारले, कामगारांच्या पगाराचा हिशेब यंत्रावर होईल का? पेढीने अभ्यास केला, आणि 1954 साली लुईव्हिल येथील कारखान्यात युनिव्हॅक यंत्रावर पगाराचे काम सुरू झाले. यातून संगणक-सल्ल्याचा नवा धंदा उभा राहिला. तो इतका फोफावला, की 1989 मध्ये त्याची वेगळी शाखा करावी लागली आणि 2000 साली ती पूर्णपणे विभक्त झाली. तोवर मूळ पेढीने आपला स्वतःचा दुसरा सल्ल्याचा धंदाही थाटला होता.

इथेच मेख आहे. ज्याचे हिशेब तपासायचे, त्यालाच सल्ला विकायचा! शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी 2000 साली याला आळा घालू पाहिला. मोठ्या पेढ्यांनी विरोध केला. शेवटी तडजोड झाली: कोणत्या कामाची किती फी, ती निदान जाहीर तरी करा.

म्हणून आज आपल्याला आकडे ठाऊक आहेत. एन्रॉन कंपनीने 2000 सालासाठी अँडरसन पेढीला तपासणीचे 2 कोटी 50 लाख डॉलर दिले आणि इतर कामांचे 2 कोटी 70 लाख. आपल्या गुहागर तालुक्यात दाभोळ वीजप्रकल्प उभारणारी एन्रॉन ती हीच. 2001 च्या फेब्रुवारीत पेढीचे वरिष्ठ भागीदार बसले. हे गिऱ्हाईक ठेवावे की सोडावे? फी वर्षाला 10 कोटी डॉलरांवर जाऊ शकते, हेही बोलणे झाले. गिऱ्हाईक ठेवले.

त्याच वर्षी 2 डिसेंबरला एन्रॉनने दिवाळे काढले. कर्जे लपवली गेली होती. हजारो नोकरांची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी दोन्ही बुडाली. कागदपत्रे नष्ट केल्याच्या आरोपावरून 2002 मध्ये पेढी दोषी ठरली. 2005 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला खरा; पण तोवर सुमारे 85 हजार माणसांची पेढी मोडून गेली होती. 2002 च्या जुलैत कायदा झाला: ज्या कंपनीचे हिशेब तपासाल, तिची हिशेबाची संगणक-व्यवस्था तुम्ही उभारायची नाही.

त्या बैठकीत बसलेले सगळेच लबाड होते, असे मी म्हणत नाही. पण खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपणच पोरांना शिकवतो ना? मग दोन घरचे मीठ खाणाऱ्याने कोणाला जागावे?

गुरुजी, उद्या शाळेसाठी संगणक घ्यायचे असतील, पंचायतीला नवे यंत्र बसवायचे असेल, तर सल्लागार जरूर बोलवा. मात्र चहा पुढे करताना एवढे विचारा: आम्ही हे यंत्र घेतले, तर तुम्हाला काय मिळते? आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.