दलाल स्ट्रीटचा टॉवर

सेन्सेक्स पडला की टीव्हीवर दोन चित्रं हमखास दिसतात. एक, कपाळाला हात लावून बसलेला माणूस. दुसरं, कॅमेरा खालून वर फिरवत दाखवलेली मुंबई शेअर बाजाराची इमारत. आमच्या राहुरीत ज्यांनी जन्मात एक शेअर घेतला नाही, तेही ही इमारत बरोबर ओळखतात. पण ती चांगली की वाईट, हा विषय आमच्या घरात निघाला की हात वाळेपर्यंत कुणी पानावरून उठत नाही. थोरल्या मामांना तिचा अभिमान. त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, तिचा मनस्वी राग. आणि दादाची मुलगी, जी आर्किटेक्चर शिकते, तिला ती चक्क आवडते. एकाच घरात तीन पिढ्या, तीन मतं.

आधी इमारतीची ओळख करून देतो. नाव फिरोज जीजीभॉय टॉवर्स. १९८० साली पूर्ण झाली. २९ मजले, उंची सुमारे ११८ मीटर, आर्किटेक्ट चंद्रकांत पटेल. सुरुवातीला नुसतं 'बीएसई टॉवर्स' म्हणत. १९६६ पासून बाजाराचे अध्यक्ष असलेले सर फिरोज जमशेदजी जीजीभॉय १९८० मध्ये वारले आणि त्यांचं नाव इमारतीला दिलं गेलं. जागा दलाल स्ट्रीट, बॉम्बे समाचार मार्ग आणि हमाम स्ट्रीट यांच्या बेचक्यात. गल्ल्या इतक्या अरुंद की अख्खी इमारत एका नजरेत मावतच नाही. मान मागे टाकून बघावं तर मागून हातगाडीवाला ओरडतो.

दादाचं म्हणणं असं. हॉर्निमन सर्कलला उभं राहा. एका बाजूला टाउन हॉल, १८३३ चा, त्या प्रशस्त पायऱ्या, ते खांब. समोर गोलाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या कमानींच्या दगडी इमारती. जवळच सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं. सगळं कसं एकमेकांशी बोलत असतं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून डोकावतो तो सिमेंटचा ठोकळा! दादा त्याला 'पोस्टमॉडर्न राक्षस' म्हणतो. मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम आले १९९५ साली, देशात असे पहिलेच. दादा म्हणतो, ते टॉवरच्या आधी आले असते तर तो उभाच राहिला नसता. यात तथ्य असावं.

पण दादा ज्याला जुना फोर्ट म्हणतो, तो मुळात आला कुठून? इतिहासाचा मी साधा वाचक आहे, अभ्यासक नाही, तरी एवढं सांगू शकतो की तो फोर्टच मुळी किल्ला पाडून झालेला आहे. बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ गव्हर्नर होता. त्याच्या काळात तटबंदी पाडली गेली आणि आज आपण ज्याला वारसा म्हणतो त्यातलं बरंचसं त्यानंतर बांधलं गेलं. हॉर्निमन सर्कलच्या जागी आधी मोकळं मैदान होतं, तिथे कापसाचे ढीग पडत. त्या तटबंदीसाठी आज कोण रडतं?

आणि हे सगळं घडायला पैसा कुठून आला? अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनच्या पाच हजारांच्या शेअरवर पन्नास हजारांपर्यंत प्रीमियम चढला होता म्हणतात. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जे मूठभर दलाल सौदे करत, त्यांची संख्या पाहता पाहता वाढली. मग युद्ध संपल्याची बातमी आली आणि १ जुलै १८६५ ला, हिशेब चुकता करायच्या दिवशी, सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात बुडाली.

त्या खेळातला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे प्रेमचंद रायचंद. कोसळण्याआधी, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. तोच आपला राजाबाई टॉवर, १८७८ साली पूर्ण झालेला, सुमारे ८५ मीटर उंच. त्याचा नकाशा काढणारे गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमध्ये बसलेले, हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. म्हणजे बघा हं, पैसा सट्ट्याचा, शैली युरोपातल्या मध्ययुगातून उचललेली, उंची भोवतालच्या सगळ्यांपेक्षा जास्त. शेअर बाजाराच्या टॉवरवर दादा जे जे आरोप करतो, ते सगळे राजाबाईवर लागू पडतात. फरक इतकाच की तिला दीडशे वर्षं झाली आणि ती दिसायला सुंदर आहे. (हा फरक लहान नाही, हे मला मान्य आहे. दादा हे वाचणार आहे म्हणून आधीच लिहून ठेवतो.)

आता मामांची बाजू. मामा राहुरीहून मुंबईला गेले ते १९६४ साली, आणि फोर्टातल्या एका बँकेत कारकून म्हणून चिकटले. त्या काळी फोर्टात आपली माणसं म्हणजे कारकून, शिपाई, डबेवाले. मालक दुसरे. बाजाराची बोली गुजराती. हुतात्मा चौक तिथून पाच मिनिटांवर, मुंबई महाराष्ट्राला मिळून चारच वर्षं झालेली, पण दलाल स्ट्रीटला वळलं की आपण पाहुणे, असं मामा म्हणतात. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्यांच्या डोळ्यांदेखत तो टॉवर मजल्यामागून मजला चढत गेला. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपले शेअर भारतीयांना विकावे लागले होते, आणि पगारदार माणसं पहिल्यांदाच फॉर्म भरायला लागली होती. मामांनीही भरला. मामा म्हणतात, "अरे, गोऱ्यांनी बांधलं ते सगळं चांगलं, आणि आपल्या माणसाने काढलेल्या नकाशावर काही उभं राहिलं की लगेच ठोकळा?"

मामांच्या अभिमानाचं खरं कारण मात्र वेगळं आहे. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला त्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांमधला पहिला स्फोट याच इमारतीच्या तळघरात झाला. मामा तेव्हा बँकेतच होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. शहरभरात मिळून २५७ माणसं गेली. टॉवर उभा राहिला, आणि सोमवारी बाजार पुन्हा उघडला. मामा एवढंच म्हणतात की त्या सोमवारी कामावर जाताना वर बघितलं आणि बरं वाटलं. यावर दादाही गप्प बसतो.

पुतणीचं म्हणणं या दोघांपेक्षा वेगळं. तिला आधी बाबांचा शब्दच मान्य नाही. "बाबा, तो पोस्टमॉडर्न नाहीच, तो सरळ मॉडर्न आहे. काँक्रीट आहे तर काँक्रीटच दाखवतो, उगाच कमानी चिकटवत नाही." पोस्टमॉडर्न म्हणजे काय, तर तिने मला न्यूयॉर्कच्या ६० वॉल स्ट्रीटचे फोटो दाखवले. केव्हिन रोश यांची १९८९ ची, पंचावन्न मजली, जे. पी. मॉर्गन बँकेसाठी बांधलेली. काचेच्या टॉवरला जुन्या देवळासारखे खांब आणि वर उतरतं छप्पर. आजूबाजूच्या जुन्या बँकांशी जुळवून घ्यायला म्हणे. कुणाला ते अदबशीर वाटतं, कुणाला फॅन्सी ड्रेस. खालचं आरशांचं आणि झाडांचं दालन लोकांना खुलं होतं, २०११ च्या वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलनाच्या बैठका तिथेच भरत. २०२१ मध्ये ते दालन बदलायचा बेत जाहीर झाला, तर ते वाचवा म्हणून ओरड सुरू झाली.

त्याहून गंमत लंडनची. तिथल्या जुन्या पेढ्यांच्या भागात, बँक ऑफ इंग्लंडजवळ, पीटर पालुम्बो नावाच्या बिल्डरला मीस व्हॅन डर रोहेच्या नकाशावर उंच काचेचा टॉवर बांधायचा होता. १९८५ ला तो नामंजूर झाला. मग जेम्स स्टर्लिंगने त्याच जागेसाठी पट्ट्यापट्ट्यांच्या गुलाबी-पिवळ्या दगडांची, बुटकी पण भलतीच भडक इमारत काढली, 'नंबर वन पोल्ट्री'. प्रिन्स चार्ल्सने तिची तुलना १९३० च्या रेडिओशी केली. तरी ती झाली, १९९७ ला, आणि तिच्यासाठी व्हिक्टोरियन काळातल्या इमारती पाडल्या गेल्या. आता ऐका. २०१६ मध्ये तीच इमारत संरक्षित वारसा म्हणून जाहीर झाली! वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. ज्यांना कालची पाडापाडी टोचली होती, त्यांच्यातल्याही काहींना आज पाडलेल्याच्या जागी उभी राहिलेली वाचवावीशी वाटली असणार. पुतणी म्हणते, बीएसईचंही असंच होईल. मला शंका आहे. नंबर वन पोल्ट्री विसरता येत नाही अशी तरी आहे. आपला टॉवर टीव्हीने ओळखीचा केला, नाहीतर तसा तो साधाच.

राहुरीकडून बघितलं तर हा सगळा वाद जरा परका वाटतो, तेही सांगतो. आमच्याकडे उंच म्हणजे साखर कारखान्याचं धुराडं, आणि 'शेअर' म्हणजे कारखान्याचा शेअर. प्रवरानगरला १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि मग आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) कारखान्यांची रांगच लागली, त्यात राहुरीही आली. या शेअरचा भाव रोज वरखाली होत नाही. तो ऊस घालायचा हक्क असतो, आणि एक शेअर असो की दहा, मत एकच. माझे वडील दलाल स्ट्रीटला एका शब्दात निकालात काढत: सट्टा. मामा म्हणत, आणि तुमच्या कारखान्याची निवडणूक म्हणजे काय हो दाजी? यावर वडिलांकडे उत्तर नसे. दोघांच्या शेअरवर बांधलेल्या दोन उंच गोष्टी, आणि दोघांनाही आपलीच सरळ वाटायची.

माझं मत? टॉवर मला देखणा वाटत नाही. पण त्याने फोर्टचं नुकसान केलं असेल तर ते उंचीने नाही, गर्दीने. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६४ मध्येच सांगितलं होतं की दक्षिण टोकाला कचेऱ्या कोंबू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. नवी मुंबई झाली खरी, पण नरिमन पॉइंटही तेवढ्यात भरलं, आणि दलाल स्ट्रीटच्या त्या बोळात २९ मजल्यांची माणसं रोज उतरू लागली. दादाने रागवायचंच तर यावर रागवावं.

आणि ज्यासाठी बांधला ते कामच टॉवरमधून निघून गेलं. खाली रिंगमध्ये शेकडो माणसं हातवारे करत, ओरडत सौदे करत, तो आवाज रस्त्यावर यायचा. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज १९९४ ला संगणकावर सुरू झालं, त्याच्यापुढे टिकायला मुंबई शेअर बाजाराने १४ मार्च १९९५ ला 'बोल्ट' ही संगणकी पद्धत आणली. रिंग गप्प झाली. इमारत पूर्ण होऊन पंधराच वर्षं झाली होती. आज शेअरांची बहुतेक उलाढाल एनएसईवर होते आणि त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. २०१७ मध्ये बीएसईने स्वतःचा शेअर विकायला काढला, तो नोंदवला गेला एनएसईवर, कारण स्वतःच्या दुकानात स्वतःला विकता येत नाही. मामा हे सांगताना अजून हसतात. २००८ च्या जानेवारीत दाराशी ब्राँझचा बैल बसवला, आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलेला. दहा दिवसही झाले नाहीत तोच, २१ तारखेला, सेन्सेक्स १४०८ अंकांनी आपटला. बिचाऱ्या बैलावर खापर फुटलं. शिल्प मात्र झकास आहे, गेलात तर जरूर बघा.

एक गोष्ट मला या सगळ्या वादात खटकते. टॉवरच्या आधी त्या जागेवर शेअर बाजाराचीच इमारत होती. १९२८ ला जागा घेतली, १९३० ला बाजार तिथे राहायला गेला. पन्नास वर्षांच्या आत ती गेली. दादा टॉवरवर तासभर बोलतो, पण त्या इमारतीचं नाव काढत नाही. पुतणीच्या अभ्यासात ती नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मामांना फोन केला. तुम्ही तर १९६४ पासून रोज तिच्यासमोरून जात होतात, कशी होती ती?

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "समोर एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं रे. ऊस आपल्याकडचा नव्हता. पण रस बरा असायचा."