दख्खनच्या नकाशावरची गंगा

जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि १७८३ साली त्याच्या खुलाशाचे पुस्तक छापले. गोदावरीपाशी आल्यावर तो जरा वैतागलेला दिसतो. त्याचे म्हणणे असे, की युरोपातल्या नकाशांवर या नदीला सरसकट ‘गंगा’ म्हणतात आणि तिला कटकच्या नदीशी, म्हणजे महानदीशी, एकच करून टाकतात. याला आधार मात्र कुठे सापडत नाही.

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्यात बसून वाचले तर यातले निम्मेच पटते. महानदीचा घोळ खराच. पण ‘गंगा’ म्हटले यात नकाशावाल्यांचे काय चुकले? तालुक्याची दक्षिणेकडची शीव गोदावरीनेच आखलेली आहे आणि त्या काठावर ‘गोदावरी’ हा शब्द शाळेत, सातबाऱ्यावर आणि पाटबंधारे खात्यात चालतो. बोलताना गंगाच. पावसाळ्यात गंगेला पाणी येते, पर्वणीला माणसे कायगावला गंगेवर जातात, जमीन गंगेकाठची असते. जुन्या मराठी कागदांत या सगळ्या पट्ट्याला ‘गंगाथडी’ म्हटले आहे. थडी म्हणजे काठ. गंगापूर गाव नदीपासून थोडे आत असले तरी त्याच्या नावातली गंगा हीच, असे मानायला हरकत नाही. नाशिकजवळ धरणाचे गंगापूर आहे, परभणीकडे गंगाखेड आहे, दोन्ही याच नदीच्या नात्याची. (गाणगापूर वेगळे, ते भीमेकडचे. कानाला जवळचे वाटते इतकेच.)

तेव्हा नाव ज्याने कुणी टिपले त्याने ते पोथीतून उचललेले नव्हते. वाटेत भेटलेल्या कुणीतरी ‘ही गंगा’ म्हटले आणि त्याने तसे लिहून घेतले. पंचाईत पुढे झाली. तो कागद पॅरिसला किंवा ॲमस्टरडॅमला पोचला तेव्हा तिथल्या कारागिरापुढे दोन टोके होती. पश्चिमेला घाटमाथ्यावरून निघालेली मोठी नदी, आणि पूर्व किनाऱ्यावर कृष्णा व महानदी यांच्यामध्ये एवढी नदी सामावेल असे मुखच नाही. प्रत्यक्षात मुख नव्हते असे नाही. गोदावरीचे फाटे समुद्राला मिळतात त्या प्रत्येकाला खलाशांनी आपापले नाव दिले होते, त्यातला एक ‘नरसापूरची नदी’. ‘गोदावरी’ हे नाव खलाशांना ऐकून ठाऊक होते, पण ते भूशिराचे म्हणून. लिन्स्खोटेन हा डच माणूस १५८३ पासून पाचेक वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचे पुस्तक १५९६ ला निघाले. त्यात ‘ग्वादोवारीन’ नावाचे टोक आहे, नकाशात कृष्णा ठसठशीत आहे, आणि गोदावरी नदी नाही. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या सगळ्याचा मोठा गमतीदार पाठपुरावा आहे. थोडक्यात, एका नदीची दोन नावे युरोपला मिळाली, उगमाकडून एक आणि मुखाकडून दुसरे, आणि ती एकाच नदीची हे दोनअडीचशे वर्षे कुणाच्या ध्यानात आले नाही. रेनेलने ती जोडली, आणि आधीच्या मंडळींचा नक्षा उतरवला.

‘नक्षा’ म्हणजे तोरा, आणि ‘नकाशा’ म्हणजे नकाशा, असे आपण वेगवेगळे धरतो. दोन्ही अरबी ‘नक्श’मधून आले: कोरणे, रेखणे. नक्षी, नक्षीदार हे त्याच घरातले. जुन्या युरोपीय नकाशांना हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो. १४७७ साली बोलोन्याला टॉलेमीचा भूगोल छापला, तेव्हा त्यातले नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. कोरलेले एकदा पत्र्यावर बसले की घासून काढणे महागाचे काम, म्हणून चुकलेली नदी पिढ्यानपिढ्या तशीच वाहत राही.

टॉलेमीचे नाव निघालेच आहे. दुसऱ्या शतकातल्या या अलेक्झांड्रियाच्या पंडिताच्या यादीत ‘बैथाना’ आहे, म्हणजे आपले पैठण. गंगापुराहून नदीने खाली गेले की लागणारे. तिथल्या राजाचे नाव त्याने ‘सिरो पोलेमायोस’ असे दिले आहे, तो श्री पुळुमावी. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या लंकेत आहे. लंकेला तो ‘ताप्रोबाने’ म्हणतो, मूळ ताम्रपर्णी, पालीतले तंबपण्णी. त्या बेटावरच्या नद्यांत त्याने एक ‘गांगेस’ दिली आहे! हिमालयातली गंगा लंकेत कशी, याने बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. सिंहलीत ‘गंग’ म्हणजे नदी, कुठलीही. महावेली गंग, केलनी गंग, कळु गंग. टॉलेमीची नदी बहुधा महावेली. ‘हिचे नाव काय?’ या प्रश्नाला ‘नदी’ असे उत्तर मिळाले आणि ते विशेषनाम म्हणून नोंदले गेले. पुढे १५४० च्या सुमारास नकाशाकार मुन्स्टरने टॉलेमीचे हे बेट म्हणजे सुमात्रा, असे ठरवले. कागदावरची गंगा मग तिकडेही निघाली.

आपल्याकडेही वैनगंगा, पैनगंगा, पंचगंगा, पाताळगंगा आहेतच. तरीही गोदावरीची गंगा लंकेतल्यासारखी नुसती ‘नदी’ नव्हे, असे मला वाटते. गौतम ऋषीने त्र्यंबकेश्वरी गंगाच आणली, ही कथा काठावरच्या माणसाला ठाऊक असते. तो गंगा म्हणतो ते सामान्यनाम म्हणून नव्हे.

सामान्यनामाचे विशेषनाम होणे बेटांच्याही वाट्याला आले. मराठीत ‘बेट’ बांबूचे असते आणि नदीतलेही. गंगापूरकराला बेट म्हटले की हिंदी महासागर आठवत नाही, वैजापूर-श्रीरामपूरच्या शिवेवरचे, गंगागिरी महाराजांचे सराला बेट आठवते. समुद्रातल्या बेटाला संस्कृत ‘द्वीप’ होते आणि पोर्तुगीज नकाशांवर त्याचे ‘दीव’ झाले: दीव, अंजदीव, मालदीव. सिंहलद्वीपाचे अरबांनी ‘सरंदीब’ केले. टॉलेमीचे ‘याबादिऊ’ हे यवद्वीप, आणि त्याचा अर्थ जवाचे बेट हे त्याने स्वतःच सांगितले आहे. जंजिऱ्याची गंमत वेगळी. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट. मराठीत तो जंजिरा होऊन पाण्यातल्या किल्ल्याला चिकटला, इतका की ‘जंजिरे सिंधुदुर्ग’ लिहिताना बेट आठवतही नाही.

जमिनीवरचे सगळ्यात मोठे उदाहरण मात्र ‘घाट’. मराठी माणसाला घाट म्हणजे डोंगर चढायची वाट, किंवा नदीला उतरायच्या पायऱ्या. डोंगर म्हणजे सह्याद्री. किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांना जो तो सांगे, माल घाटावरून येतो, घाटापलीकडे अमक्याचे राज्य. त्यांनी अख्ख्या रांगेलाच ‘गाते’ म्हटले. वरच्या मुलखाला फारसी ‘बाला’ म्हणजे वर हा शब्द जोडून बालाघाट म्हणत, तोही ‘बालागाते’ म्हणून नकाशांवर एखाद्या राज्यासारखा पसरलेला दिसतो.

‘गंगा’ रेनेलनंतर नकाशांवरून गेली. ‘घाट’ गेला नाही. उलट तो इंग्रजीतून परत आला, भूगोलाच्या पुस्तकांत बसला, आणि आता मराठी वर्तमानपत्रेही सह्याद्रीला बिनदिक्कत ‘पश्चिम घाट’ लिहितात. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या डोंगररांगेतली ३९ ठिकाणे गेली, तीही याच नावाने. त्यातले महाराष्ट्रातले एक म्हणजे कासचे पठार, जिथे साताऱ्याहून जायला घाट चढावा लागतो.