रोहिणखेड, १४३७ : जिंकलेली लढाई, चुकलेला निष्कर्ष

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड बुऱ्हाणपूरकडून वऱ्हाडच्या घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटेवर आहे. इ.स. १४३७ मध्ये येथे बहमनी फौजेने खानदेशच्या नसीर खान फारुकीचा पराभव केला. (१५९१ मध्ये निजामशाहीच्या गादीसाठी याच गावी आणखी एक लढाई झाली, तो विषय वेगळा.) लढाईपेक्षा तिच्याआधी बिदरच्या दरबारात झालेला युक्तिवाद अधिक महत्त्वाचा आहे.

नसीर खानाची मुलगी ही सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाची बेगम. सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजकन्येवर जडले, बेगमेने पित्याकडे गाऱ्हाणे केले आणि नसीर खान वऱ्हाडात उतरला. वऱ्हाडचे अनेक सरदार त्याला मिळाले. निष्ठावंत सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला.

या संकटावर उतारा सुचवला खलफ हसन बसरी याने. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याच्या कल्पकतेची एक कथा फरिश्त्याने नोंदवली आहे. १४२२ मध्ये सुलतानाचा पिता अहमदशहा अजून परागंदा शाहजादा होता आणि पाठलागावरची फौज संख्येने कितीतरी मोठी होती. तेव्हा खलफ हसनने बंजाऱ्यांचे ओझ्याचे बैल मिळवले, त्यांच्यावर माणसे बसवली आणि दुरून घोडदळ वाटेल असा देखावा उभा केला. शत्रू बिथरला.

वस्तूचा नेहमीचा उपयोग मनात इतका घट्ट बसतो की तिचा दुसरा उपयोग सुचतच नाही, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर याने विसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवले. खलफ हसन त्या बंधनातून सहज सुटला होता. बैलाकडे त्याने बैल म्हणून पाहिले नाही.

माणसांकडे मात्र त्याने शिक्का म्हणूनच पाहिले. दरबारात त्याचे म्हणणे असे होते की, माहीमला गुजरातकडून झालेला पराभव दक्खनी आणि हबशी सरदारांमुळे झाला. म्हणून आता केवळ आफाकी, म्हणजे इराण-तुराण-अरबस्तानातून आलेले, सैनिक द्यावेत. माहीमच्या मोहिमेचा सेनापती तो स्वतःच होता. गुजरातने तेथे जमिनीवरून आणि समुद्रातून एकदम चाल केली होती, हे कारण या युक्तिवादात कोठेच नव्हते.

सुलतानाने मागणी मान्य केली. खलफ हसन रोहिणखेडला जिंकला, बुऱ्हाणपूर जाळून लळिंगपर्यंत पोहोचला. दरबाराने यातून तर्क खरा ठरल्याचे मानले. वास्तविक, दक्खनी तुकड्या सोबत असत्या तर काय घडले असते हे पडताळण्याची सोयच उरली नव्हती. तरीही फर्मान निघाले : यापुढे दरबारात आफाकी उजवीकडे, दक्खनी व हबशी डावीकडे.

निव्वळ क्षुल्लक कारणाने दोन गट पाडले तरी माणसे आपल्या गटाला झुकते माप देतात, हे हेन्री ताजफेल याने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरील प्रयोगांत दाखवले. बिदरचे कारण क्षुल्लकही नव्हते. एका बाजूला फारसी आणि नव्याने मिळालेली मनसबदारी, दुसऱ्या बाजूला दख्खनी बोली आणि तुघलकाच्या काळापासून मुरलेली घराणी. ही तेढ आधीचीच. रोहिणखेडने तिला जागा नेमून दिली. (हा वृत्तांत सांगणारा फरिश्ता स्वतः इराणातून आलेला आहे, हे वाचताना विसरू नये.)

पुढे खलफ हसन सह्याद्रीच्या जंगलात शिर्क्यांच्या सापळ्यात सापडून मारला गेला. वाचलेले आफाकी चाकणला पोहोचले. दक्खनी सरदारांनी त्यांना फितूर ठरवणारी पत्रे बिदरला धाडली आणि चाकणच्या कोटात त्यांची कत्तल झाली. सत्य कळल्यावर सुलतानाने त्या सरदारांना कठोर शिक्षा केल्या.

पुढच्या पिढीत महमूद गावानने दोन्ही गटांत पदे सारखी वाटून तोल साधण्याचा प्रयत्न केला. वाटणीचे माप मात्र तेच दोन शब्द होते. १४८१ मध्ये त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र सुलतानापुढे ठेवण्यात आले आणि त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.