पदकाच्या कडेवरचे नाव



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आज एका इंग्रजी आरमारातील खलाशाच्या पदकांची हकीकत सांगावयाची आहे. तिचे एक टोक आपल्या अंबाजोगाईस येऊन मिळते, म्हणून ती सांगतो.

विल्यम हॉल हा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. त्याचे आईबाप अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून तेथे आलेले. १८५२ साली तो आरमारात शिरला. क्रिमियाच्या युद्धात खलाशांनी जहाजावरच्या तोफा जमिनीवर उतरवून चालविल्या. त्यात तो होता. त्याबद्दल त्यास इंकरमन आणि सेबास्टोपोल अशा दोन पट्ट्यांचे पदक मिळाले. १८५७ साली त्याचे 'शॅनन' जहाज चीनच्या मोहिमेवर असताना कलकत्त्यास वळविण्यात आले. खलाशांनी अवजड तोफा गंगेतून अलाहाबादला आणि तेथून पुढे लखनौला नेल्या. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी शाह नजफपुढे त्याच्या तोफेवरचे सोबती पडले. हॉल आणि लेफ्टनंट यंग हे दोघेच उरले आणि त्यांनी तोफ चालूच ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा हॉल हा पहिला कृष्णवर्णीय पुरुष होय.

त्याशिवाय त्यास सर्वांबरोबरचे मोहिमेचे पदकही मिळाले. ते चांदीचे. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया व सिंह, आणि कडेवर शिपायाचे नाव. या पदकाच्या पाच पट्ट्यांपैकी तीन लखनौच्या, एक दिल्लीची आणि पाचवी 'मध्य हिंदुस्थान'ची.

या पाचव्या पट्टीपाशी आपले गाव येते. अंबाजोगाईस तेव्हा मोमिनाबाद म्हणत, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अंमलदार मात्र इंग्रज. मी कामगारांत वावरणारा माणूस. मला पहिला प्रश्न पडतो तो पगाराचा. १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे स्वाराचा पगार अखेर कुणब्याच्या शेतसाऱ्यातून निघत होता. ह्यू रोजच्या हाताखाली या फौजेचे स्वार झाशी आणि काल्पीच्या लढायांत लढले, आणि पाचवी पट्टी त्यांच्या छातीवर आली. दोरीने ओढलेल्या तोफेमागचा खलाशी आणि आपल्या माळावरचा स्वार, दोघांच्या अंगावर एकच पदक!

परंतु मोमिनाबादची हकीकत एवढ्यावर संपत नाही. १८५७ च्या जूनमध्ये तेथून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेलेल्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास जाण्याचे नाकारले. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. पकडलेल्यांपैकी कित्येकांना मृत्युदंड झाला. काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. तेथला काला चबुतरा आजही त्यांची आठवण देतो. त्यांची नावे कोणत्याही पदकाच्या कडेवर नाहीत.

हॉलचे शौर्य खोटे होते, असे मी म्हणणार नाही. भोवतीचे सोबती पडत असता तोफेपाशी उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. गुलामांच्या या पोराला चाकरीत मान मिळाला, तो त्याने कष्टाने मिळविला. १८७६ साली निवृत्त होऊन तो गावी शेती करू लागला, १९०४ साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे साधा दगडही नव्हता. पदक देणाऱ्यांची आठवण अशी तोकडी असते.

मला म्हणावयाचे आहे ते इतकेच. पदक शौर्य मोजीत नाही. ते शौर्य कोणाच्या उपयोगी पडले, एवढेच मोजते. हुकूम पाळणाऱ्यास धैर्य लागते, तसे 'नाही' म्हणणाऱ्यासही लागते. संपाच्या पहिल्या सकाळी फाटकाबाहेर उभा राहिलेला माणूस हे जाणतो. तेव्हा कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने पदक असेल, तर त्याच्या कडेवरचे नाव आदराने वाचा. मग त्यांच्या शेजारी उभे असलेल्या, पण पदक न मिळालेल्या माणसाचेही नाव शोधा. आपल्या जिल्ह्याचा इतिहास त्या दोन्ही नावांनी पुरा होईल.