मापांचे भाषांतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठी शिकवले नाही, पदार्थविज्ञान शिकवले. पुढे माझी सारी हयात मराठीच्या अध्यापनात गेली, तरी आजचा विषय मी त्यांच्या वर्गातला निवडला आहे : द्रवाची श्यानता आणि तिच्या एककांचे परस्पर रूपांतर. ही अनधिकार चेष्टा वाटेल, पण तिचे एक जुने ऋण माझ्यावर आहे.

श्यानता म्हणजे वाहण्याला द्रवाचा आतून होणारा विरोध. शब्द पुस्तकी, वस्तू मात्र घरातली. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे आपली आई दोन बोटांत धरून पाहते, तेव्हा ती श्यानताच मोजत असते. (व्याकरणाची खोड सुटत नाही म्हणून सांगतो : द्रव घट्ट होण्याच्या अर्थी पाणिनीला ‘शीन’ हे रूप अभिप्रेत आहे, थिजलेले तूप ते शीन. ‘श्यान’ हे रूप त्याने निराळ्या अर्थासाठी राखले. परिभाषाकारांनी त्याचे ऐकले नाही.)

या राशीचे जुने एकक पॉइज. झां पॉइझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केसासारख्या बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचे प्रयोग केले. त्याला कुतूहल होते रक्ताभिसरणाचे. त्याच्या नावावरून पॉइज आले. पुढे आंतरराष्ट्रीय पद्धतीत पास्कल-सेकंद हे एकक रूढ झाले. दहा पॉइज म्हणजे एक पास्कल-सेकंद. एक सेंटिपॉइज म्हणजे एक मिलिपास्कल-सेकंद. वीस अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळजवळ नेमकी इतकीच असते. येथवर दशांशचिन्ह सरकवले की काम झाले.

पण कारखान्यातले व्यवहार इतके सरळ नव्हते. माझे काका भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर होते. वंगणाचा दाटपणा ते ‘सेकंदात’ सांगत. हे ऐकून मी गुरुजींना विचारले, “दाटपणा सेकंदात कसा?” तेव्हा त्यांनी रेडवुडचे उपकरण समजावून दिले. ठरावीक तापमानाचे तेल अकीकाच्या बारीक छिद्रातून सोडायचे आणि पन्नास घनसेंटिमीटर पडायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. ही इंग्रजांची रीत. अमेरिकेत सेबोल्टचे उपकरण, जर्मनीत एंग्लरचे. प्रत्येकाचे आकडे वेगळे.

गुरुजींनी उदाहरण घातले : अडीचशे रेडवुड सेकंदांचे तेल, याची श्यानता पॉइजमध्ये किती? स्थूलमानाने चाराहून किंचित अधिकाने भागले तर एकसष्ट सेंटिस्टोक येतात. मी तेच उत्तर म्हणून लिहिले. गुरुजी म्हणाले, “अरे, हे स्टोक झाले, पॉइज नव्हेत. तेल स्वतःच्या वजनाने खाली पडत होते. ते वजन कुठे धरलेस?” घनता ०.९ धरून गुणल्यावर पंचावन्न सेंटिपॉइज आले. म्हणजे एका एककातून दुसऱ्यात जायला नुसता गुणक पुरत नाही. कधी कधी तो पदार्थही ओळखावा लागतो. मग माझ्याकडे रोखून पाहत ते म्हणाले, “तू हीच चूक पूर्वीही केली आहेस.”

ती चूक सांगण्यापूर्वी थोडा काळ सांगितला पाहिजे. १९५६ साली आमच्या भोवतीची सारीच मापे बदलू लागली. १ नोव्हेंबरला नागपूर राजधानीचे गाव राहिले नाही. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी वजने-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर पैसे, म्हणून एक आणा सव्वासहा पैशांचा; पाव पैशाचे नाणे नसल्याने हिशेबात सहाचा. १९५८पासून किलो येऊ लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांत तोच कायद्याचा. शेर ९३३ ग्रॅमचा, चाळीस शेरांचा मण ३७ किलो ३२४ ग्रॅमचा, हे आम्ही पाढ्यांसारखे म्हणत असू.

परंतु वैनगंगेच्या काठचे धान्य शेरावर तोललेच जात नव्हते. ते कुडोने, पायलीने भरले जाई, आणि गावोगावचा कुडो निराळा. आमच्या सालदाराची वर्षाची मजुरी कुडोने ठरलेली होती : बरेचसे धान, थोडा चणा. १९६२च्या हंगामात आजोबांनी तिचे किलो करण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी तेव्हा बारा वर्षांचा. मी एक कुडो धान काट्यावर तोलले, कुडोचे किलो काढले आणि त्याच आकड्याने चण्याचेही काढले. कागद सुबक झाला. आजोबांनी शाबासकी दिली.

सालदार चण्यापाशी बराच वेळ उभा राहिला. “बाबू, हिशेब बरोबर असंल,” तो म्हणाला, “पण ढीग लहान दिसते.” मी त्याला कागद दाखवला. त्याला वाचता येत नव्हते. तो पोते उचलून गेला.

धान फोलासकट असते, पोकळ भरते. त्याच मापात चणा कितीतरी जड भरतो. मी त्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक चणा कापला होता. हे महिनाभराने गुरुजींच्या ध्यानात आले. मोठ्या अभिमानाने मीच त्यांना तो कागद दाखवला होता. ते बोलले काही नाहीत. संध्याकाळी घरी आले आणि आजोबांसमोर एकच कुडो आधी धानाने, मग चण्याने भरून दोन्ही वेळा तोलायला लावला.

आजोबांनी राहिलेला चणा त्याच दिवशी माझ्या डोक्यावर देऊन सालदाराच्या घरी पाठवला. त्याने तो ठेवून घेतला. मात्र पुढच्या वर्षीपासून तो आपला कुडो घरून घेऊन येऊ लागला, आणि कायदा काहीही असो, आमच्या खळ्यावर त्याची मजुरी अखेरपर्यंत त्याच कुडोने भरली गेली.